कशाच्या जागी?

"साखर मी केव्हाच सोडली हो ताई, आता सगळं गुळावर."

दंडाला पट्टा बांधून शीर चाचपत असताना हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. सांगणाऱ्याच्या आवाजात समाधान असतं, काहीतरी निग्रहाने सोडून दाखवल्याचं. मी सुई घालते, जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेते, मग राखाडी टोपणाच्या नळीत, दोन्ही नळ्या हलक्या हाताने उलटसुलट करते आणि पेटीत ठेवते. राखाडी नळीत फ्लोराइड असतं. ते नसलं तर रक्तातल्या पेशी वाटेतच साखर खाऊन टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो. संध्याकाळी खरा आकडा हाती येतो, आणि गुळावर असलेल्या माणसाचा आकडा साखरेवर असलेल्या माणसाच्या आकड्यापेक्षा वेगळा नसतो.

पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते. सकाळी घरोघरी जाऊन नमुने घ्यायचे, मग लॅबमध्ये बसायचं. नारायण पेठेतल्या वाड्याचा अंधारा जिना असो की कोथरूडच्या सोसायटीतला सातवा मजला, उपाशीपोटी दार उघडणारा माणूस सारखाच काळजीत असतो. "आज किती येईल हो?" हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढला आहे. चहाच्या ट्रेमध्ये एक छोटी पांढरी डबी असते, दाबली की साखरेऐवजी घालायची टिकलीएवढी गोळी पडते ती. तिच्याकडे हात करून विचारतात, "ही चालते ना? की हिच्यामुळेच काहीतरी व्हायचं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या माणसांच्या रोजच्या चहाचा हा प्रश्न आहे. त्याला 'काही होत नाही' किंवा 'विष आहे ते' असं एका दमात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत.

२०२३ हे वर्ष या बाबतीत फार वाईट गेलं. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी गोडी आणणारे पदार्थ वापरू नयेत. जुलैमध्ये त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला, म्हणजे अशा गोळ्यांत असणाऱ्या एका कृत्रिम गोडीला, 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकलं. दोन्ही बातम्या मोबाइलवर फिरता फिरता एकमेकींत मिसळल्या आणि घरात पोहोचेपर्यंत त्यांचं एकच वाक्य उरलं: गोळीने कॅन्सर होतो. माझ्या फेरीवरच्या एका काकूंनी डबी कचऱ्यात टाकली आणि मंडईतून गूळ आणवला. सकाळचा चहा गुळाचा, दुपारचा गुळाचा, शिवाय जेवणानंतर एक खडा, कारण गूळ 'पचनाला चांगला'. पुढच्या तपासणीला त्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.२ वरून ८.६ वर गेली होती. औषध चुकलेलं नव्हतं, फिरणं सुटलेलं नव्हतं. "पण मी तर साखर एक कणही खाल्ली नाही," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. भीतीपोटी माणूस जे करतो ते प्रामाणिकपणे करतो, म्हणून त्याचं फळ असं उलटं मिळालेलं बघवत नाही.

त्या दोन बातम्यांचं मूळ म्हणणं काय होतं, ते मी तेव्हापासून विचारील त्याला सांगत आले आहे. कर्करोग संशोधन संस्था एखाद्या पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता असू शकते का, एवढंच तपासते. रोज किती घेतल्यावर किती धोका, हे ठरवणं तिच्या कामात येत नाही. ॲस्पार्टेम ज्या '२ बी' गटात गेलं, त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. पुरावा मर्यादित आहे, असं संस्थेने स्वतःच म्हटलं. किती चाललं पाहिजे हे ठरवणारी तज्ज्ञ समिती वेगळी, तिला जेक्फा म्हणतात. तिचा निकाल त्याच दिवशी, १४ जुलैला, जाहीर झाला आणि तिने जुनी मर्यादा कायम ठेवली: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे २,४०० मिलिग्रॅम होतात. चहात टाकायच्या एका गोळीत ॲस्पार्टेम साधारण २० मिलिग्रॅम धरलं, तर दिवसाला १२० गोळ्या झाल्या. शिवाय ही मर्यादासुद्धा काठावरची नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेलाही अपाय दिसला नाही, तिचा शंभरावा भाग म्हणून ती ठरवलेली आहे. काकू दिवसाला तीन गोळ्या घेत होत्या.

ॲस्पार्टेमपासून पोटात मिथेनॉल तयार होतं, ही भीतीही वारंवार कानावर येते. होतं, खरं आहे. ॲस्पार्टेमच्या वजनाच्या साधारण दहा टक्के. म्हणजे एका गोळीमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास. फळांच्या आणि टोमॅटोच्या रसातूनही आपल्या पोटात मिथेनॉल जातंच आणि शरीर ते निस्तरतं. ज्यांनी ॲस्पार्टेमपासून खरोखर लांब राहायला हवं असा एक छोटा गट आहे: फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेली माणसं. त्यांच्या शरीराला फिनाइलॲलनीन हे अमिनो आम्ल हाताळता येत नाही आणि ॲस्पार्टेममधून तेच सुटतं.

मेमधली शिफारस मात्र मला फार मोलाची वाटते, आणि तीच सगळ्यात जास्त चुकीची वाचली गेली. त्या शिफारशीत स्पष्ट लिहिलं आहे की ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांना ती लागू नाही. म्हणजे डबी फेकणाऱ्या काकूंना उद्देशून ती नव्हतीच. ती होती वजन कमी करण्याच्या आशेने डाएट पेयांच्या बाटल्या आणि 'झिरो' लिहिलेली बिस्किटं आणणाऱ्यांसाठी. थोड्या काळाच्या प्रयोगांत साखरेच्या जागी हे पदार्थ दिले तर वजन सरासरी पाऊण किलोच्या आत-बाहेर उतरलं. वर्षानुवर्षं लोकांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत मात्र असे पदार्थ जास्त घेणाऱ्यांमध्ये मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. आता, आधीच वजन वाढलेली, घरात मधुमेह असलेली माणसंच अशा पदार्थांकडे वळतात, हेही उघड आहे; त्यामुळे कशामुळे काय झालं ते सांगणं अवघड. संघटनेने हे मान्य केलं आणि म्हणून आपली शिफारस 'सशर्त' म्हणूनच मांडली.

हे सगळं वाचत गेले तसतसा माझ्या मनात एकच प्रश्न पक्का होत गेला. गोळी चांगली की वाईट, हे गोळीकडे बघून कळत नाही. ती कशाच्या जागी आली, हे विचारावं लागतं. मधुमेही माणसाच्या चहात ती दोन चमचे साखरेच्या जागी आली असेल तर तिने दहा ग्रॅम साखर वाचवली, इतकं साधं आहे. आणि गुळाचा खडा गोळीच्या जागी आला असेल तर काकूंच्या बाबतीत जे झालं ते होणारच.

गुळाबद्दल मी बोलायला लागले की घरातली मोठी माणसं दुखावतात, ते मला कळतं. दारी आलेल्याला गूळ-पाणी देणारं आपलं घर; गूळ आपल्याला औषधासारखा वाटतो. माझ्या फेरीवर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक केमिस्ट काका आहेत. पुण्यात अशी माणसं खूप. साखर आयुक्तालय शिवाजीनगरला, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला, राज्याच्या साखरेचा कारभार इथूनच चालतो. ते काका समजावून सांगतात, "रस एकच, उसाचा. आम्ही त्यातून मळी काढून टाकतो, गुऱ्हाळात ती आतच राहते. म्हणून गूळ तांबूस. बाकी गोडवा तोच." शंभर ग्रॅम गुळात साधारण ७० ते ८५ ग्रॅम साखरच असते. लोह असतं, पण चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह किती आणि साखर किती, हा हिशेब एकदा करून बघावा. मार्केट यार्डात पिवळाधमक गूळ मागणाऱ्यांना काका आवर्जून सांगतात की तो रंग यावा म्हणून रसात हायड्रॉस नावाचं रसायन घालण्याची चाल गुऱ्हाळांत आहे. म्हणजे 'केमिकल नको' म्हणून गुळाकडे वळलेला माणूस नेमका केमिकलने उजळलेला गूळ निवडून घरी नेतो.

मधाचं तेच. मधमाशी फुलांच्या रसातल्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करून ठेवते. मधात पाणी वगळलं तर जवळजवळ सगळं तेच, एकूण वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास. केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आपल्या पुण्यातच आहे, मधाबद्दल आदर वाटावा असं पुष्कळ आहे, पण मधुमेहात तो साखरेला पर्याय नाही. खडीसाखर, काकवी, नारळाची साखर, तपकिरी साखर, सगळ्या त्याच घरातल्या. माझ्या नळीला यातली कुठली कुठून आली ते कळत नाही.

या गोळ्यांचा इतिहास वाचताना मला लॅबमधली माणूस म्हणून फार नवल वाटलं. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत, कॉन्स्टंटिन फाल्बर्ग हा रसायनशास्त्रज्ञ कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या पदार्थांवर काम करत होता. हात नीट न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला. ते सॅकरीन. १९६५ मध्ये जठराच्या व्रणावर औषध शोधणाऱ्या जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट जिभेला लावलं, ते ॲस्पार्टेम. आणि १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून केलेला एक पदार्थ 'टेस्ट' करायला, म्हणजे तपासायला, सांगितल्यावर तरुण संशोधकाने ते 'टेस्ट' म्हणजे चव घेऊन बघ असं ऐकलं आणि चाखला. साखरेच्या सहाशे पट गोड असलेलं सुक्रॅलोज असं सापडलं. त्या संशोधकाचं नाव शशिकांत फडणीस. ओंकारेश्वराजवळच्या एका घरात आजोबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली डबी पुन्हा उलटून पाहिली. लॅबमध्ये काहीही तोंडाला लावायचं नाही, हा आम्हाला शिकवलेला पहिला नियम. जगातल्या तीन मोठ्या कृत्रिम गोडव्यांचा जन्म तो नियम मोडून झाला आहे.

माझ्या लहानपणी शाळेबाहेर बर्फाच्या गोळ्याची गाडी लागायची. आई हात धरून ओढून न्यायची, "त्यात सॅकरीन असतं" म्हणून. त्या शब्दाचा दरारा होता. त्यामागे १९७७ चं प्रकरण होतं हे मला कितीतरी उशिरा कळलं. कॅनडातल्या प्रयोगात सॅकरीन खाल्लेल्या उंदरांच्या मूत्राशयात गाठी सापडल्या, अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला, मग बंदीऐवजी पाकिटावर इशारा छापायचा कायदा झाला. पुढे उलगडा झाला की नर उंदरांच्या लघवीची घडण वेगळी असते. मोठ्या मात्रेतल्या सॅकरीनने तिच्यात बारीक स्फटिक तयार होतात, ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला टोचत राहतात आणि गाठी होतात. माणसात तसं घडत नाही. इशारा काढायला २००० साल उजाडलं. तेवीस वर्षं लागली. विज्ञान चुकलं असं मी म्हणणार नाही. ते थांबलं, तपासत राहिलं आणि बदललं. घराघरांतली भीती मात्र बदलली नाही, कारण इशारा मोठ्या बातमीत आला होता आणि तो उठवल्याची बातमी कुणापर्यंत पोहोचलीच नाही.

तरी 'काही होत नाही' म्हणून मोकळं व्हायला माझं मन तयार होत नाही, आणि त्याला कारणं आहेत. २०२२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या गटाने १२० निरोगी माणसांना दोन आठवडे मर्यादेच्या आतल्या मात्रेत ॲस्पार्टेम, सॅकरीन, स्टीव्हिया (एका झाडाच्या पानांतली गोडी) आणि सुक्रॅलोज दिलं. चारही पदार्थांनी आतड्यातल्या जीवाणूंची वस्ती बदलली, आणि सॅकरीन व सुक्रॅलोज घेणाऱ्यांपैकी काहींच्या शरीराचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बिघडला. सगळ्यांचा नाही, काहींचा. शरीरात न पचता बाहेर जाणारी गोष्ट म्हणजे काहीच न करणारी गोष्ट, हे गृहीतक तिथे डळमळलं. दुसरं एरिथ्रिटॉल, साखरेऐवजी वापरायची आणखी एक गोडी; कीटो, म्हणजे भात-पोळी-साखर जवळजवळ सोडणारा आहार, करणाऱ्यांच्या डब्यात हमखास असतं ते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना दिसलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त होतं त्यांच्यात पुढे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात जास्त आले. इथे आकड्यांत वावरणारी माणूस म्हणून मला एक सांगावंसं वाटतं: एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतःही बनवतं, आणि चयापचय बिघडलेल्या माणसात ते जास्त बनू शकतं, त्यामुळे रक्तात सापडलं म्हणजे खाल्लं असं होत नाही. पण त्याच गटाने नंतर धडधाकट माणसांना एका वेळी ३० ग्रॅम पाजून पाहिलं, तेव्हा रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स जास्त चपळ झालेल्या आढळल्या. ३० ग्रॅम म्हणजे कीटो केकचा एक मोठा तुकडा किंवा गोड पेयाची एक बाटली. ज्याला आधीच हृदयाचा त्रास आहे, त्याने असा केक रोज खाऊ नये असं मी स्पष्ट सांगते. चहातल्या गोळीत आणि त्या केकमध्ये हा फरक आहे: गोळीत मिलिग्रॅम असतात, केकमध्ये ग्रॅम.

पुण्यात राहून चहाविषयी न बोलणं शक्य नाही. सारसबागेतून फिरून आलेले आजोबांचे घोळके अमृततुल्यासमोर उभे असतात, तिथला चहा दूध, साखर, वेलची, सुंठ सगळं एकत्र उकळूनच होतो. खिशातली गोळीची डबी तिथे निरुपयोगी, कारण साखर पातेल्यातच पडलेली. माझे सासरे बरीच वर्षं त्या घोळक्यात होते. बिनसाखरेचा वेगळा करून द्या म्हणायचा त्यांना संकोच वाटे. चारजणांत आपल्यासाठी वेगळं पातेलं कशाला, असं म्हणत. आता बऱ्याच ठिकाणी बिनसाखरेचा चहा मागितला की निमूट मिळतो. दुकानदारांच्या या एका बदलाने जेवढ्या माणसांची साखर आटोक्यात आली असेल, तेवढी कुठल्या जाहिरातीने आली नसेल. घरी करताना एवढंच लक्षात ठेवायचं की ॲस्पार्टेमची गोळी उकळत्या चहात टाकू नये, उष्णतेने ते मोडतं आणि गोडी जाते. कपात ओतल्यावर टाकावी. सुक्रॅलोज उकळी सहन करतं.

स्वयंपाकघरात मात्र साखर नुसती गोड नसते. तिचा एकतारी पाक होतो, त्यात लाडू वळतात. ती पाणी धरून ठेवते म्हणून साखरांबा वर्षभर टिकतो, बुरशी येत नाही. भट्टीत तिचा रंग येतो, वास येतो. सहाशे पट गोड असलेली चिमूटभर भुकटी यातलं काहीच करू शकत नाही, म्हणून 'शुगर-फ्री' मिठाईत तिच्या जोडीला माल्टिटॉल, सॉर्बिटॉल, जास्तीचा खवा, काजू, मैदा असं काहीतरी घालावंच लागतं. माल्टिटॉल रक्तातली साखर वाढवतंच, फक्त साखरेपेक्षा कमी. आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे नमुन्यांची रांग लागते. पीपीचा, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेचा, आकडा तीनशेच्या वर गेलेल्या माणसाला विचारलं की उत्तर येतं, "पण सगळं शुगर-फ्रीच खाल्लं हो." अर्धी काजूकतली साध्या साखरेची खाल्ली असती तर माणूस अर्ध्यावर थांबला असता. नाव शुगर-फ्री म्हटल्यावर डबा संपला. इथे तो पर्याय थांबण्याच्या जागी आला.

आणि ताट तर वेगळंच. चहातल्या साखरेवर एवढी चर्चा करणाऱ्या घरात पोह्यांची दुसरी बशी, आमटी-भातावर पुन्हा भात, त्यावर कुणी बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं वर्षानुवर्षं अभ्यासली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या त्या कामातून दिसलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपली बाळं स्नायूंना कमी पण चरबीला तितकी कमी नाहीत. दिसायला सडपातळ, आतून चरबी धरणारी. हे शरीर जन्मापासूनच साखरेशी झगडायला कमी तयार आहे. म्हणून "मी बारीक आहे, मला काय होतंय" म्हणणाऱ्याचा रिपोर्ट बघून मला आता आश्चर्य वाटत नाही. अशा शरीराला चहातला एक चमचा वाचवून फार मिळत नाही, ताटातला भात कमी करून आणि जेवणानंतर चालून मिळतं.

मला खरी काळजी वाटते ती मुलांची. घरातला मधुमेह बघून घाबरलेले तरुण आई-बाप मुलांच्या दुधात, सरबतात या गोळ्या घालू लागले आहेत. गोळीच्या डबीवर लहान मुलांसाठी शिफारस नाही असं छापलेलं असतं, पण ते बारीक इंग्रजीत. पाकिटांवर तर नाव असण्याऐवजी अनेकदा नुसते आकडे असतात: ९५० म्हणजे ॲसेसल्फेम, ९५१ ॲस्पार्टेम, ९५४ सॅकरीन, ९५५ सुक्रॅलोज, ९६० स्टीव्हियाचा अर्क. हे आकडे मी आता घरोघरी चिठ्ठीवर लिहून देते. मुलाला मधुमेह नाही, वजनाचा प्रश्न नाही, मग त्याच्या पाण्याच्या जागी, साध्या दुधाच्या जागी, पेरूच्या फोडीच्या जागी ही गोडी कशासाठी? साखर कमी करायची तर गोडच कमी करता येतं. जीभ काही आठवड्यांत कमी गोडाला सरावते, मुलांची तर आणखी लवकर. आणि हे पॅकेटांवर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात असलं पाहिजे. ज्या आजी नातवाला सरबत करून देतात त्यांना ते वाचता आलं पाहिजे, यात मागणं फार नाही.

आता सांगते ती गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि गोळीच्या सुरक्षिततेवरच्या चर्चेत मी ती कधी ऐकलेली नाही.

पर्वतीजवळच्या एका घरी सकाळी गेले तेव्हा काका खुर्चीत घामाने डबडबलेले, हात थरथरत होते, बोलणं तुटक. आदल्या रात्री जेवण नीट झालं नव्हतं, मधुमेहाच्या गोळ्या मात्र घेतलेल्या. बोट टोचून पाहिलं, साखर ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका सुरू होतो. काकूंनाही कळलं होतं काहीतरी बिनसलंय, म्हणून त्यांनी घाईघाईने गोड चहा करून पाजला होता. त्यात गोळी घातलेली. घरात साखर ठेवायचीच नाही असं ठरवून त्यांनी महिन्यापूर्वी डबा रिकामा केला होता. तो चहा गोड होता, पण काकांच्या मेंदूला हवी असलेली साखर त्यात कणभरही नव्हती. एरवी निरुपद्रवी असलेली गोळी त्या दहा मिनिटांत खऱ्या साखरेच्या जागी आली होती आणि वेळ खात होती.

शेजारून साखर आणून पाण्यात विरघळवून देण्याच्या आत मी त्यांची औषधं पाहिली. त्यांत व्होग्लिबोज होतं. हे औषध आतड्यात साध्या साखरेचे तुकडे होण्याचं काम मंदावतं, त्यामुळे ते घेणाऱ्याला साखरेचं पाणी दिलं तरी आकडा लवकर चढत नाही. थेट ग्लुकोजच लागतं. माझ्या पिशवीत ग्लुकोज चाचणीसाठीची पुडी होती, तीच पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ८९. मग दोन बिस्किटं आणि थोडं दूध घ्यायला लावलं, कारण त्यांच्या दुसऱ्या गोळीचा अंमल दिवसभर टिकणारा होता आणि साखर पुन्हा उतरू शकली असती. डॉक्टरांना फोन करून मात्रा बदलून घेतली. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय, हेही तेव्हाच काकूंना नीट सांगितलं.

त्यांच्या ट्रेमध्ये गोळीची डबी अजून असते, असायलाही हवी. तिच्या शेजारी केमिस्टकडून आणलेला ग्लुकोजचा डबा आहे. त्यावर सुनेने पांढरी पट्टी चिकटवून मार्करने ठळक मराठीत लिहिलं आहे: "घाम, थरथर, गोंधळ वाटला तर तीन चमचे पाण्यातून. गोळीचा चहा द्यायचा नाही. पंधरा मिनिटांनी साखर तपासा." खाली डॉक्टरांचा नंबर.